आधी खरवडा, मग ठरवा

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे, आणि माझ्याइतके रंग अंगावर चढवलेली दुसरी सायकल तुम्हाला शोधून सापडायची नाही. सगळ्यात खाली कारखान्याचा काळा. त्यावर औषधाच्या दुकानाचा हिरवा, त्यावर बेकरीचा तांबडा, मग दातांच्या डॉक्टरांचा पांढरा. त्या पांढऱ्या वर्षी मी इतकी मळत असे की विचारू नका. मग शाळेचा निळा, आणि पुढचे तर मलाही आठवत नाहीत. माझे मालक दुकानांच्या पाट्या रंगवत. पाटी पूर्ण झाल्यावर डब्यात जो रंग उरे, तो माझ्या वाट्याला येई. लोक त्यांना नावाने हाक मारतच नाहीत. 'ओ पेंटर' म्हटले की ते वळून पाहतात.

मी त्यांच्याकडे आले तीही पाटीमुळेच. एका सायकलवाल्याने दुकानासाठी मोठी पाटी करून घेतली आणि काम झाल्यावर डोके खाजवत म्हणाला, "पेंटर, पैशांची जरा अडचण आहे. त्यापेक्षा ही सायकल घेऊन जा ना." पेंटरांनी मला हाताने उचलून पाहिले, चाक फिरवून पाहिले आणि शिडी माझ्या अंगाला बांधून घरी आले. मला त्याचा फार अभिमान वाटे. बाजारात विकल्या जाणाऱ्या सायकली पुष्कळ, पण मी एका सुंदर पाटीची मजुरी होते.

माझी कामाची वर्षे शिडीखाली गेली. शिडी एका बाजूला, हँडलला रंगाचे डबे आणि कॅरियरवर चिंधीत गुंडाळलेले ब्रश. वळताना शिडीचे टोक कधी कुणाच्या छत्रीला लागे, कधी खिडकीला. आम्ही येताना दिसलो की लोक आपणहून बाजूला होत, आणि पेंटर त्याला मान देणे समजत. ओझे जड होते, पण कुरकुर करण्याचा माझा स्वभाव नाही. कुरकुर फक्त माझे पायडल करत असे, तेही तेल संपल्यावर.

पुढे घरात एक मुलगी आली. ती चिमणीएवढ्या आवाजात रडायची, म्हणून तिचे नाव पडले चिऊ. तिची आई कपडे शिवत असे. तिने जाड कापडाची एक छोटी गादी शिवून माझ्या दांड्यावर बांधली, आणि चिऊ तिथे बसून बापाबरोबर गावभर फिरू लागली. पेंटरांनी माझ्या पुढच्या मडगार्डवर एक पिवळी चिमणी काढली. दरवर्षी मला नवा रंग दिला की जुनी चिमणी झाकली जाई आणि तिच्या जागी नवी येई. गंमत म्हणजे दर खेपेला ती थोडी जाड होत गेली. आई म्हणायची, "अहो, चिमणी काढता की कोंबडी?"

चिऊ सायकल शिकली तीही माझ्यावरच. सीटवर पाय पोहोचत नव्हते, तेव्हा दांड्याखालून पाय घालून, अंग वाकडे करून ती चालवायची. तिची ढोपरे फुटली, माझे हँडल वाकले, आणि आईची बोलणी तेवढी एकट्या पेंटरांना बसली. ते सारे दिवस मला अजून गोड वाटतात.

मग काळ बदलला. दुकानदार छापील पाट्या लावू लागले. त्या सकाळी सांगितल्या की संध्याकाळी मिळतात आणि त्यांवरची अक्षरे एकासारखी एक असतात. पेंटरांचे ब्रश डब्यात उभे राहून वाळू लागले. त्यांनी घरातली खुर्ची रंगवली, दार रंगवले, शेजाऱ्यांच्या पत्रपेट्या रंगवल्या. शेवटी रंगवण्यासारखे उरले ते एकच काम, ते म्हणजे मी. वर्षातून एकदा, वारा नसलेल्या एखाद्या कोरड्या सुटीच्या दिवशी, ते रंगाचे डाग पडलेला जुना सदरा चढवत आणि मला अंगणात घेत. आई चहा लांब ठेवत असे, कारण एकदा त्यांनी ब्रश चुकून कपात बुचकळला होता. त्या दिवशी ते शीळ घालत. एरवी कधी घालत नसत.

इथवर माझी गोष्ट सगळ्या जुन्या सायकलींसारखीच आहे, मित्रांनो. आता पुढची ऐका.

चिऊ मोठी झाली, शिकली आणि गावामागच्या डोंगरावर हवामान केंद्रात तिला नोकरी लागली. वारा किती, पाऊस किती, हवेचा दाब किती, याच्या नोंदी घेण्याचे काम. बस डोंगराच्या पायथ्याशी सोडते. तिथून वर जाणारा रस्ता म्हणजे नुसते दगडगोटे आणि वळणे. चिऊ मला घेऊन निघाली. चढताना मी तिला नेत असे की ती मला, हे सांगणे कठीण आहे. मी सपाट रस्त्यावर शिडी वाहणारी बाई, मला डोंगर कशाला माहीत? पण चढ परवडला. उतार मला नको वाटे, आणि त्याचे कारण फक्त मला ठाऊक होते.

माझ्या मानेला, म्हणजे हँडलखाली जिथे दोन नळ्या येऊन जुळतात तिथे, एक भेग होती. केसाएवढी बारीक. इतकी वर्षे शिडीचा भार तिथेच पडला असेल. ती पेंटरांना दिसली नाही असे नाही. दरवर्षी त्या जागी रंगावर एक रेघ उमटे आणि ते बोट फिरवून म्हणत, "इथला रंग बघा कसा तडकतोय." मग ते तिथे पुट्टी भरत, पॉलिश पेपर घासून जागा गुळगुळीत करत आणि वरून रंगाचे दोन हात देत. आयुष्यभर रंग पाहिलेल्या माणसाला प्रत्येक भेग रंगाचीच वाटते. लोखंड तडकले असेल, हे त्यांच्या मनालाही शिवले नाही. इतक्या मायेने भरलेली पुट्टी होती ती, की मलाही थोडे दिवस बरे झाल्यासारखे वाटे.

पण उतारावर प्रत्येक दगडाबरोबर ती भेग थोडी उघडे आणि 'कट्' असा आवाज येई. चिऊ म्हणे, चेन वाजते. मग ती चेनला तेल घाले. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, अशातली गत. मला बोलता येत असते तर मी पहिल्याच दिवशी ओरडले असते की बाई गं, उतर आणि चालत जा. ती मान तुटली असती तर पुढचे चाक एकीकडे आणि चिऊ दरीकडे गेली असती. रोज संध्याकाळी घराचे फाटक दिसेपर्यंत माझ्या जिवात जीव नसे.

एकदा मोठ्या वळणावर एक सैल दगड चाकाखाली आला. ब्रेक दाबूनही मी थांबले नाही. माझ्या ब्रेकचे रबर म्हणजे नावालाच रबर. चिऊने दोन्ही पाय जमिनीवर घासून कसेबसे मला थांबवले. बुटाचा तळ उचकटला. ती बराच वेळ रस्त्याकडेच्या दगडावर बसून राहिली. घरी आल्यावर तिने वळणाबद्दल काही सांगितले नाही, पण जेवताना विषय काढला. स्वयंपाकघराच्या खिडकीखालीच माझी जागा आहे, त्यामुळे मला सगळे ऐकू येते.

"मी एक माउंटन बाइक बघितलीय," ती म्हणाली.

"म्हणजे काय असतं?" आईने विचारले.

"डोंगरावर चालवायची सायकल. जाड चाकं असतात, गियर असतात. ब्रेक चांगले असतात." मग तिने किंमत सांगितली.

"थांब, मला आधी सुई खाली ठेवू दे," आई म्हणाली. "अगं, एवढ्यात घोडा येईल."

"घोड्याला रोज खायला लागतं, आई."

पेंटर म्हणाले, "हिला काय झालंय पण? हिने मला शिडीसकट गावभर फिरवलं."

"गावभर फिरवलं, बाबा. हा डोंगर आहे."

पैसे चिऊचेच होते. पण त्या घरात मोठी वस्तू तिघांचे एकमत झाल्याशिवाय येत नाही. शिलाई मशीन तशीच आली, खुर्च्या तशाच आल्या. त्यामुळे चिऊ थांबली. आठवडाभर घरात हाच विषय होता. आई एकदा म्हणे घे, एकदा म्हणे थांब. पेंटर 'बघू' एवढेच म्हणत, आणि अंगणात येऊन माझ्या सीटवर हात ठेवून उभे राहत.

शेवटी दुकानदाराने ती सायकल एक दिवस चालवून पाहायला दिली. चिऊने ती आदल्या संध्याकाळी घरी आणली. आता खरे सांगायचे तर मला ती मुळीच आवडली नाही. तिला मडगार्ड नाही, कॅरियर नाही, घंटी नाही. एवढे पैसे मोजून वस्तू अर्धवटच द्यायची, ही कुठली रीत? बरे, स्टँडही नाही, म्हणून तिला ठेवले ते माझ्याच अंगावर टेकवून. सून आल्या दिवशीच सासूच्या अंगावर रेलली म्हणायची. मी नाक मुरडले. पण शेजारी उभी आहे तर पाहून घेऊ म्हणून मी तिची मान न्याहाळली. जाडजूड, सलग, कुठे पुट्टीचा टिपूसही नाही. चाकांच्या मधोमध ब्रेकच्या चकत्या होत्या.

दुसऱ्या दिवशी चिऊ तिला घेऊन डोंगरावर गेली आणि संध्याकाळी परत आली. मित्रांनो, त्या डोंगरावरून इतक्या हलक्या चेहऱ्याने परत आलेली चिऊ मी तोवर पाहिली नव्हती. फाटकातून आत येताना ती गाणे गुणगुणत होती. माझा सगळा मत्सर तिथल्या तिथे गळून पडला. येऊ दे हिला, मी मनात म्हटले, बिनघंटीची तर बिनघंटीची. माझी पोर घरी सुखरूप येऊ दे म्हणजे झाले.

पण त्याच वेळी पेंटर अंगणात रंगाचे डबे उघडून बसले होते. डाग पडलेला सदरा अंगात होता. "चिऊ, यंदा कुठला रंग लावू गं हिला?" त्यांनी विचारले. "शाळेचा निळा वाळून गेलाय. चिमणीपुरता पिवळा मात्र निघेल." आणि ते हलकेच शीळ घालू लागले.

चिऊ त्यांच्याकडे बघत उभी राहिली. तिचे गुणगुणणे थांबले होते. मग ती आत गेली, हातपाय धुतले, आणि जेवताना म्हणाली, "नको बाबा. उद्या परत देऊन येते ती. आपली आहे की चांगली."

"नक्की?" आईने विचारले.

"नक्की. उगाच खर्च कशाला."

पेंटरांना आनंद लपवता आला नाही. ते म्हणाले, "मी म्हणतच होतो. जुनं ते सोनं." आई लेकीच्या ताटाकडे बघत होती, आणि ताटात सगळे तसेच होते.

गोष्टी सांगणाऱ्या जुन्या वस्तूंना अशा वेळी आनंद होतो, हे मला माहीत आहे. आम्हाला टाकले नाही, आमची किंमत कळली, असे त्या म्हणतात. मी मात्र खिडकीखाली हादरून उभी होते. या घरात माझ्यावर इतके प्रेम होते की ते प्रेमच एक दिवस चिऊला वळणावरून खाली नेणार होते. बापाचा ब्रश रिकामा राहू नये म्हणून लेकीने नवी सायकल सोडली, लेकीला जुनी गोड वाटते म्हणून बाप खूश झाला, आणि जिला सगळे ठाऊक होते तिला तोंड नव्हते.

पुढचे जे झाले ते पेंटरांच्या आनंदामुळे झाले. रविवारी सकाळी त्यांनी जाहीर केले, "यंदा वरवरचं काम नाही. हिला पार लोखंडापर्यंत खरवडतो आणि मग रंगवतो. नवी पण लाजली पाहिजे."

"एवढं कशाला?" आई म्हणाली.

"अगं, मी जन्मभर दुकानदारांना काय सांगत आलो? आधी खरवडा, मग ठरवा. पाटी रंगवायची की नवी करायची, ते खरवडल्याशिवाय कळतच नाही. आणि हिला मात्र एकदासुद्धा खरवडलं नाही मी. रंगावर रंग चढवत गेलो."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मी मात्र आशेने चाके ताठ केली.

चिऊ मदतीला बसली. पेंटरांच्या हातात खरवडायची पट्टी, तिच्या हातात पॉलिश पेपर. माझ्या अंगावरून वर्षे सुटून खाली पडू लागली. वरचे रंग गेले, निळा गेला, पांढरा आला. "हा दातांच्या डॉक्टरांचा," पेंटर म्हणाले, "त्यांच्या पाटीवर मी दात एक जास्त काढला होता, त्यांनाही कळलं नाही." चिऊ हसली. पांढरा गेला, तांबडा आला. "हा बेकरीचा. या रंगाची होती तेव्हा तू शाळेत जायला लागलीस. दांड्यावर बसून पाटीचं एकेक अक्षर वाचायचीस." एका चिमणीखालून दुसरी चिमणी निघत होती. मडगार्डवरची अगदी पहिली, बारीक चिमणी दिसली तेव्हा दोघेही क्षणभर थांबले.

मग पेंटर माझ्या मानेपाशी आले.

पट्टी लागताच पुट्टीचा एक लांबट तुकडा सुटून पडला. खाली रेघ होती. पेंटरांनी पेपरने घासले. रेघ तशीच. टर्पेंटाइनच्या चिंधीने पुसले. रेघ तशीच. त्यांनी तिच्यावरून नख ओढले आणि नख अडकले. त्यांची शीळ थांबली.

"चिऊ, जरा हँडल दाब बघू खाली."

तिने दाबले. 'कट्' असा आवाज झाला आणि माझी भेग दोघांच्या डोळ्यांदेखत उघडली.

पेंटरांच्या हातातली पट्टी खाली पडली. ते तिथेच जमिनीवर बसले, रंगाच्या सालींवर. "हे रंगाचं नव्हतं," ते म्हणाले. मग त्यांनी विचारले, "हा आवाज कधी आला होता तुला?"

"रोज यायचा. उतरताना. मला वाटलं चेन."

"आणि ब्रेक?"

आता मात्र चिऊने वळणावरचे सगळे सांगितले. दगड, घासलेले पाय, उचकटलेला बूट. पेंटर ऐकत राहिले. मग त्यांनी रंगाने माखलेला हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. "मी पुट्टी भरत होतो गं," ते म्हणाले. "दरवर्षी. अगदी मन लावून."

आई चहा घेऊन बाहेर आली. तिने दोघांकडे पाहिले, माझ्या मानेकडे पाहिले. "वेल्डिंग करून घेता येईल," पेंटर पुटपुटले, पण त्यांचा आवाज त्यांनाच पटत नव्हता.

"बाजारापर्यंत जायला येईल," आई म्हणाली. "डोंगरावर नाही. जिथे ताण येतो तिथे ठिगळ टिकत नाही, अहो. आणि तिला ती सायकल हवीच होती. तुम्ही शीळ घालत बसलात म्हणून नको म्हणाली."

पेंटरांनी लेकीकडे पाहिले. "खरं का?"

चिऊने मान खाली घातली.

"मग आता तिघांचंही एकमत आहे," पेंटर उठून उभे राहत म्हणाले. "दुकान रविवारी उघडं असतं ना?"

मित्रांनो, त्या क्षणी मला जे वाटले त्याला तुमच्या भाषेत एकच शब्द आहे. हुश्श. इतक्या दिवसांचे ओझे मानेवरून उतरले, आणि ते शिडीपेक्षा जड होते.

पेंटर तशाच सदऱ्यात दुकानात गेले आणि ती सायकल हाताने ढकलत घरी आले, कारण त्यांना गियर कळेनात. चिऊ तिला पुसत म्हणाली, "बाबा, चिमणी?"

"छे, कंपनीचा रंग आहे तो. त्यावर कुठे ब्रश लावायचा?"

"चिमणी नसली तर ती माझी कशी?"

मग उरलेला पिवळा रंग कामी आला. पेंटरांनी श्वास रोखून ती काढली. ती जाड झाली नाही. माझ्या मडगार्डवरच्या पहिल्या चिमणीसारखीच बारीक झाली. त्यानंतर त्यांनी माझी घंटी सोडवली आणि नव्या सायकलच्या हँडलला बसवली. मला विचारले नाही, पण विचारले असते तरी मी नाही म्हटले नसते.

आता माझे काय, असे तुम्ही विचाराल. भंगारवाला दोनदा येऊन गेला, आणि आईने त्याला दोन्ही वेळा दारातूनच वाटेला लावले. मग एक दिवस केंद्राच्या साहेबांनी ती चिमणी पाहून विचारले की ही कुणी काढली, आणि फाटकापाशी एक पाटी हवी आहे म्हणाले. छापील पाटी तिथल्या वाऱ्याने दोनदा फाडून नेली होती. पेंटरांनी जाड पत्र्यावर पाटी रंगवली, आणि ती अडकवायला खांब शोधण्याऐवजी मलाच जीपमध्ये घालून वर नेले. तेव्हापासून मी डोंगरमाथ्यावर, केंद्राच्या फाटकाशी, पाय घट्ट रोवून उभी आहे. माझ्या दांड्यावर अडकवलेल्या पाटीवर सुरेख अक्षरांत लिहिले आहे, 'पुढे उतार आहे. आधी ब्रेक तपासा, मग निघा.' वर्षातून एकदा पेंटर जीपने वर येतात आणि मला रंगवतात, पण आधी पार लोखंडापर्यंत खरवडून. माझ्यावर आता कुणी बसत नाही, त्यामुळे भेगेचे भय नाही. त्यांची शीळ इथल्या वाऱ्यात फार छान वाटते.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर प्रेम करा, आमची एवढीच मागणी असते असे तुम्ही ऐकले असेल. माझी थोडी वेगळी आहे. प्रेम करा, पण अधूनमधून आमचा रंग काढून आत काय आहे तेही बघा. जे काम आम्हाला आता जमत नाही त्यातून आम्हाला सोडवा, आणि जे जमते ते द्या. आम्ही रागावत नाही.

संध्याकाळी काम संपले की चिऊ माझ्याजवळ येते, पाटी वाचल्यासारखे करते, दोन्ही ब्रेक दाबून पाहते आणि निघते. थोड्या अंतरावर ती दिसेनाशी होते. मग मी कान देऊन थांबते. मोठे वळण पार झाले की खालून घंटीचा आवाज येतो. माझीच घंटी. ती वाजली की मी रात्रभर निवांत उभी राहते.